हंगामाचा मानकरी कोण?

किनवट तालुक्यातले इस्लापूर हे आमचे गाव. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे आमच्या गावावरून जाते. जवळच सहस्रकुंडचा धबधबा आहे, आणि तिथे पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. म्हणजे नदीच्या अलीकडे मराठवाडा आणि पलीकडे विदर्भ. सोयरिकीला, बाजारहाटाला ही नदी कधी आडवी आली नाही. क्रिकेटमध्ये मात्र ती आडवी येते. अलीकडचा मुलगा चांगला खेळला तर त्याने पुण्याकडे, महाराष्ट्राच्या संघाकडे पाहायचे. पलीकडच्या मुलाने नागपूरकडे, विदर्भाच्या संघाकडे पाहायचे. दोघांच्या शेतात कापूस एकच, पण संघ दोन!

तेव्हा २ मार्च २०२५ रोजी नागपूरला विदर्भाने रणजी करंडक जिंकला, त्या आठवड्यात आमच्या स्टेशनाजवळच्या हॉटेलात काय बोलणे चालले असेल, याची तुम्हाला कल्पना येईल. हॉटेल म्हणजे आपले चहाचे, चार बाकांचे. तिथे एक निवृत्त गुरुजी बसले होते, उमरखेडकडचे एक पाहुणे होते आणि आमच्या महाविद्यालयाची दोन-तीन मुले होती.

गुरुजी म्हणाले, "पाहुणे, करंडक नेलात खरा, पण अंतिम सामना कुठं जिंकलात? तो तर अनिर्णित राहिला."

पाहुणे म्हणाले, "गुरुजी, करंडक कोणाच्या कपाटात आहे ते बघा की!"

इतक्यात एका मुलाने दुसराच प्रश्न टाकला. "ते राहू द्या काका. हंगामातला सगळ्यात भारी खेळाडू कोण, ते सांगा. हर्ष दुबे का यश राठोड?" झाले! चहा थंड झाला, तरी कोणी हटेना. शेवटी गुरुजींनी माझ्याकडे वळून विचारले, "तुम्ही सांगा सर. तुम्ही एम. ए. झालेले."

एम. ए. मी इतिहासात झालो आहे, क्रिकेटमध्ये नव्हे. पण इतिहासाच्या माणसाला एक सवय असते. कोणी काही ठासून सांगितले की तो विचारतो, पुरावा काय, आणि हा पुरावा नेमका कशाचा? त्याच सवयीने मी आज तुमच्यापुढे हे दोन प्रश्न मांडणार आहे. बळकट संघ कोणता, हे कसे ओळखावे? आणि हंगामाचा उत्तम खेळाडू कसा ठरवावा? हे प्रश्न नुसत्या चहाच्या गप्पांचे आहेत असे मलाही पूर्वी वाटत असे. ते तसे नाहीत हे मला एका मुलाने शिकवले. त्याची हकीकत शेवटी सांगेन.

ज्यांना रणजी स्पर्धेची फारशी माहिती नाही, त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. ही स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. २०२४-२५ च्या हंगामात तिच्या वरच्या विभागात ३२ संघ होते. आठ-आठ संघांचे चार गट पाडले होते. गटातला प्रत्येक संघ उरलेल्या सात संघांशी एकेकदा खेळला. याला साखळी म्हणतात. प्रत्येक गटातले पहिले दोन, असे आठ संघ पुढे गेले. तिथून बाद फेरी लागते. बाद फेरीत हरला तो घरी गेला. आणि सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो पुढे जातो.

आता विदर्भाचा प्रवास पाहा. साखळीत त्यांनी सातांपैकी सहा सामने जिंकले. बाद फेरीत तमिळनाडूला १९८ धावांनी हरवले. उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवले. त्या मुंबई संघात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर होते. सगळी नावे तुमच्या घरातल्या लहान मुलांनाही पाठ असतील. विदर्भाच्या पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे या तिघांना बाद केले.

दुसऱ्या बाजूने केरळ येत होता. केरळ यापूर्वी कधीच अंतिम सामन्यात पोहोचला नव्हता. त्यांचा उपांत्यपूर्व सामना पुण्याजवळ गहुंज्याला जम्मू-काश्मीरशी झाला. जम्मू-काश्मीरच्या पहिल्या डावात २८० धावा झाल्या. केरळचे नऊ गडी बाद झाले तेव्हा ते पुष्कळ मागे होते. पण सलमान निझारने शेवटच्या गड्याला हाताशी धरून ८१ धावांची भागीदारी केली आणि डाव २८१ वर नेला. एका धावेची आघाडी! सामना अनिर्णित राहिला आणि त्या एका धावेवर केरळ पुढे गेला.

पुढे अहमदाबादला गुजरातशी गाठ पडली. केरळच्या ४५७ धावा झाल्या. गुजरातने शेवटच्या दिवशी ४५५ पर्यंत मजल मारली. आणखी तीन धावा झाल्या असत्या तर आघाडी गुजरातची होती. शेवटच्या फलंदाजाने जोरात फटका मारला. चेंडू जवळ उभ्या असलेल्या निझारच्या हेल्मेटवर आदळला, वर उडाला आणि स्लिपमध्ये कर्णधार सचिन बेबीच्या हातात पडला. फलंदाज बाद! दोन धावांच्या आघाडीवर केरळ अंतिम सामन्यात गेला.

आता तुम्ही म्हणाल, ही तर नुसती नशिबाची गोष्ट झाली. हेल्मेटवरून चेंडू चार बोटे इकडे-तिकडे गेला असता तर? बरोबर आहे. तो उडालेला चेंडू नशिबाचा होता. पण त्याआधी ४५७ धावा कोणी केल्या? मोहम्मद अझरुद्दीनने नाबाद १७७ केल्या, त्या काही नशिबाने झाल्या नाहीत. गुजरातला ४५५ वर येईपर्यंत पाच दिवस झुंजत कोणी ठेवले? नशीब उपयोगी पडायला माणूस आधी नशिबाच्या दारापर्यंत जावा लागतो. आपल्याकडे पाऊस वेळेवर पडला म्हणून पीक आले असे आपण म्हणतो. पण पेरणीच केली नसती तर पाऊस काय करणार? शिवाय त्या हंगामात केरळ एकही सामना हरला नाही, हेही विसरता येत नाही.

अंतिम सामन्यात विदर्भाने पहिल्या डावात ३७९ धावा केल्या. सुरुवातीला तीन गडी २४ धावांत गेले होते. मग दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली. मालेवारने १५३ काढल्या. या पोराचा तो पहिलाच रणजी हंगाम होता. केरळचा डाव ३४२ वर संपला. सचिन बेबी ९८ वर बाद झाला. ३७ धावांची आघाडी विदर्भाला मिळाली. दुसऱ्या डावात नायरने १३५ केल्या, विदर्भाने ९ बाद ३७५ पर्यंत खेळून काढले आणि सामना अनिर्णित राहिला. करंडक विदर्भाचा झाला.

एक गमतीची गोष्ट सांगून पुढे जातो. केरळच्या डावात ७९ धावा काढून विदर्भाला ज्याने घाम फोडला, आणि गुजरातचा तो शेवटचा बळी ज्याच्या चेंडूवर मिळाला, तो आदित्य सरवटे मूळ नागपूरचाच. २०१८-१९ साली विदर्भाने करंडक जिंकला तेव्हा अंतिम सामन्याचा मानकरी तोच होता. नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे, असे फार ताणून धरणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तर गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर काय? विदर्भ खरा विजेता का? माझ्या मते होय, आणि त्याचे कारण अंतिम सामन्यात नाही. अंतिम सामन्यातली ३७ धावांची आघाडी म्हणजे एखाद्या जोडीची अर्ध्या तासाची कमाई. तेवढ्यावरून दोन संघांची ताकद मोजता येत नाही. ताकद दिसते ती दहा सामन्यांत. दहा सामन्यांत आठ विजय, पराभव एकही नाही, हा पुरावा मोठा आहे. मात्र त्यातही एक गोष्ट जमेस धरली पाहिजे. बाद फेरीतले तिन्ही सामने विदर्भ नागपूरला, आपल्याच मैदानावर खेळला. केरळला पुणे, अहमदाबाद, नागपूर अशी पायपीट करावी लागली. घरच्या विहिरीत पोहणे आणि परक्या डोहात पोहणे यांत फरक असतोच. तेव्हा विदर्भ बळकट होता हे खरे, आणि केरळ त्याच्यापेक्षा फार कमी नव्हता हेही खरे.

नुसत्या नावावर ताकद मोजू नये, हेही याच हंगामाने दाखवले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या संघात रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, श्रेयस अय्यर अशी मंडळी होती. तो संघ मुंबईतच जम्मू-काश्मीरकडून पाच गडी राखून हरला. पहिल्या डावात मुंबईच्या १२० धावा झाल्या.

जगात दुसरीकडेही हाच घोळ आहे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या क्रिकेटचा तो दूरचा भाऊ म्हणा. तिथेही चेंडू, दांडू आणि धावा आहेत. प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. त्यानंतर निवडक संघांची बाद फेरी होते. २००१ साली सिॲटल शहराच्या संघाने १६२ पैकी ११६ सामने जिंकले. पण बाद फेरीत न्यूयॉर्कच्या संघाने त्याला हरवले आणि तो अंतिम फेरीपर्यंतही गेला नाही. उलट २००६ साली सेंट लुईसच्या संघाने फक्त ८३ सामने जिंकले होते, म्हणजे निम्म्याहून जेमतेम दोन जास्त. तो संघ बाद फेरीत चमकला आणि विजेता झाला. मग बळकट कोण? ११६ वाला की ८३ वाला? माझे म्हणणे असे की, साखळी आणि बाद फेरी या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. वर्षभराच्या घटक चाचण्या वेगळ्या आणि मार्चमधली एका दिवसाची परीक्षा वेगळी. करंडक कशावर मिळणार हे आधी जाहीर केलेले असते आणि सगळ्यांनी ते मान्य केलेले असते. म्हणून विजेत्याला विजेता म्हणायचे, त्यात कुरकुर करायची नाही. पण वर्षभर चांगला खेळून एका दिवशी हरलेल्याला कमअस्सल म्हणायचे नाही.

आता दुसरा प्रश्न, हंगामाच्या उत्तम खेळाडूचा.

हर्ष दुबे हा विदर्भाचा डावखुरा फिरकी गोलंदाज. त्याने त्या हंगामात दहा सामन्यांत ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी त्याआधी कोणी घेतले नव्हते. शिवाय फलंदाजीत ४७६ धावा केल्या. यश राठोड हा विदर्भाचा फलंदाज. त्याच्या ९६० धावा झाल्या; त्या हंगामात सबंध देशात त्याच्याहून जास्त कोणाच्या नव्हत्या. अधिकृत निवड झाली ती हर्ष दुबेची. ती बरोबर का?

इथे पहिली अडचण अशी की, बळी आणि धावा एका तराजूत घालता येत नाहीत. ज्वारी पायलीने मोजतात आणि दूध लिटरने. तेव्हा आकडे समोरासमोर ठेवून भागत नाही. त्या आकड्यांनी संघाचे काय काम झाले ते पाहावे लागते. राठोडच्या ९६० धावा होत्या, पण त्याच संघात करुण नायरच्या ८६३ आणि मालेवारच्या ७८३ होत्या. धावांचे ओझे तिघांनी वाहिले. एक नसता तर उरलेल्या दोघांनी काही प्रमाणात भरून काढले असते. बळींचे तसे नव्हते. सामना जिंकायला समोरच्या संघाचे वीस गडी बाद करावे लागतात. त्यांतले जवळजवळ सात दर सामन्याला एकटा दुबे घेत होता, आणि संघातला दुसरा कोणी गोलंदाज त्याच्या जवळपासही नव्हता. त्याला बाजूला काढले तर विदर्भाचे आठ विजय राहिले असते का? मला शंका आहे. म्हणून माझे मत दुबेच्या बाजूने पडते.

पण राठोडचा पक्षही ऐकून घ्यायला हवा. मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात विदर्भाचे चार फलंदाज स्वस्तात परतले होते. त्या वेळी राठोडने १५१ धावा काढल्या. विजय ८० धावांचा होता. त्या १५१ नसत्या तर अंतिम सामन्याचे तिकीट मुंबईच्या खिशात गेले असते. सोप्या दिवशी काढलेली धाव आणि अडचणीच्या दिवशी काढलेली धाव वहीत सारखीच दिसते; घरात मात्र सुगीतला रुपया आणि ज्येष्ठातला रुपया यांतला फरक बायामाणसांना चांगला ठाऊक असतो.

दुसरी अडचण प्रतिस्पर्ध्यांची. हा खेळाडू कोणाविरुद्ध खेळला, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. दुबेच्या आधी ६८ बळींचा उच्चांक बिहारच्या आशुतोष अमनचा होता. तो २०१८-१९ सालचा, आणि तोही आठच सामन्यांतला. म्हणजे दर सामन्याचे बळी पाहिले तर अमन पुढे जातो. पण त्या वर्षी बिहार खालच्या गटात, नव्याने आलेल्या संघांशी खेळत होता. त्याच्याही आधी १९७४-७५ साली बिशनसिंग बेदींनी ६४ बळी घेतले होते, आणि तो उच्चांक चव्वेचाळीस वर्षे टिकला. या तिघांत श्रेष्ठ कोण, हे ६४, ६८, ६९ अशा चढत्या आकड्यांनी ठरत नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला काठेवाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा काढल्या. तेव्हाचा जागतिक उच्चांक ब्रॅडमन यांचा ४५२ चा होता. अवघ्या दहा धावा हव्या होत्या. पण काठेवाडच्या संघाने जेवणाच्या सुट्टीत सामना सोडून दिला आणि मैदानावर यायचे नाकारले. निंबाळकरांना पुढे भारतासाठी एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. नुसता आकडा पाहणारा म्हणेल, एवढा मोठा खेळाडू वगळला कसा? निवडसमितीच्या बाजूचा म्हणेल, काठेवाडची गोलंदाजी काय होती? दोन्ही प्रश्न विचारण्यासारखे आहेत. मात्र ज्या माणसाने दिवसच्या दिवस उभे राहून ४४३ काढल्या, त्याच्या चिकाटीला समोरच्या संघाच्या दुबळेपणाने बट्टा लागत नाही, एवढे मी म्हणेन.

तिसरी अडचण सरासरीची. गणिताच्या शिक्षकांनी इकडे लक्ष द्यावे. वर्गात सांगायला हे उदाहरण छान आहे. त्याच हंगामात विजय हजारे करंडकाच्या एकदिवसीय सामन्यांत करुण नायर अंतिम सामन्याआधी फक्त एकदा बाद झाला होता आणि त्याच्या धावा ७५२ झाल्या होत्या. म्हणजे सरासरी ७५२! अंतिम सामन्यात तो २७ वर बाद झाला. एकूण धावा ७७९, बाद दोन वेळा, सरासरी ३८९.५. एका दिवसात सरासरी निम्म्यावर आली. तो खेळाडू एका दिवसात निम्मा झाला का? अर्थातच नाही. भागाकारातली खालची संख्या लहान असली की सरासरी अशीच उड्या मारते. तो अंतिम सामना विदर्भ कर्नाटककडून हरला. तरीही स्पर्धेचा उत्तम खेळाडू म्हणून नायरचीच निवड झाली, आणि ती योग्यच होती. कारण बक्षीस स्पर्धेचे होते, अंतिम सामन्याचे नव्हते.

श्रोतेहो, माझ्या आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा हाच आहे. बक्षीस कशाचे आहे, ते आधी ठरवा. पुष्कळशी भांडणे यामुळे होतात की, एक जण 'सर्वांत जास्त धावा कोणाच्या' या प्रश्नाचे उत्तर देत असतो, दुसरा 'संघाला सर्वांत उपयोगी कोण' याचे आणि तिसरा 'शेवटच्या दिवशी कोण चमकला' याचे. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि तरी एकमेकांवर डोळे वटारतात. क्रिकेट मंडळाने यातून एक मार्ग काढलेला आहे. रणजीत सर्वांत जास्त धावा करणाऱ्याला आणि सर्वांत जास्त बळी घेणाऱ्याला माधवराव सिंधिया यांच्या नावाचा पुरस्कार असतो. तिथे वाद नाही, फक्त मोजणी आहे. अष्टपैलू खेळाडूसाठी लाला अमरनाथ यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे. तिथे तारतम्याने निवड करावी लागते.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही संघाला सर्वांत मोलाच्या खेळाडूचे बक्षीस आहे. ते १९३१ पासून बेसबॉलवर लिहिणाऱ्या वार्ताहरांच्या मतांनी ठरते. प्रत्येक वार्ताहर एकच नाव लिहून मोकळा होत नाही. तो दहा नावे क्रमाने लिहितो. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, असे खाली एकापर्यंत. आणि मला फार आवडलेली गोष्ट अशी की, ही मते बाद फेरी सुरू होण्याआधीच द्यावी लागतात. शेवटच्या आठवड्यातल्या टाळ्यांनी सहा महिन्यांचे काम झाकले जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब. इतके करूनही वाद मिटत नाहीतच. १९४१ साली टेड विल्यम्स या फलंदाजाने सबंध हंगामात .४०६ अशी असामान्य सरासरी राखली. त्याच वर्षी ज्यो डिमॅजिओ लागोपाठ ५६ सामन्यांत चेंडू टोलवून तळावर पोहोचला. बक्षीस डिमॅजिओला मिळाले. त्यावर तिथली माणसे अजून भांडतात. भांडोत बापडी! नियम आधी ठरलेला होता आणि मते लेखी होती, म्हणून त्या भांडणात कडवटपणा राहत नाही.

आता ती हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात शाळांच्या क्रिकेट स्पर्धा होत्या. अंतिम सामन्याला मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावले होते. एका दुकानदाराने उत्तम खेळाडूसाठी मोठे बक्षीस ठेवले होते: वर्षभराच्या वह्यापुस्तकांचा आणि एसटीच्या पासाचा खर्च. खेडेगावातल्या मुलाला हे चांदीच्या कपापेक्षा मोठे, हे तुम्हाला सांगायला नको. अंतिम सामना रंगला. एका मुलाने साठ-एक धावा झोडपल्या, त्याचा संघ जिंकला, पोरांनी त्याला खांद्यावर घेतले. संयोजक माझ्या कानाशी लागले, "सर, नाव तुम्हीच जाहीर करा." मी त्याच मुलाचे नाव घेतले. टाळ्या झाल्या. मीही खूश.

कार्यक्रम संपल्यावर मी गाडीची वाट पाहत उभा होतो. हरलेल्या संघातला एक मुलगा जवळ आला. तांड्यावरून रोज चालत शाळेत येणारा. पायांत चपलाही नव्हत्या. तो रडत नव्हता की भांडत नव्हता. त्याने एवढेच विचारले, "सर, वही बघितलाव का?"

मी वही बघितली नव्हती. मग त्यांच्या गुरुजींच्या पिशवीतून ती मागून घेतली. पाच सामन्यांत त्या मुलाचे सतरा बळी होते. दुसऱ्या कोणाचेही दहाच्या वर नव्हते. तो दुबळा संघ अंतिम सामन्यापर्यंत आला होता तो याच मुलाच्या जिवावर. मी पाहिला होता फक्त शेवटचा सामना, आणि बक्षीस दिले होते सबंध स्पर्धेचे! वर्गात पोरांना पुरावा, पुरावा म्हणून सांगणारा मी. पुरावा दहा हातांवर पिशवीत होता आणि मी तो मागितला नाही.

जाहीर केलेले बक्षीस परत घेता येत नव्हते. ते घेणे त्या दुसऱ्या मुलावरही अन्याय झाला असता; त्याची काही चूक नव्हती. मी या मुलाला वह्या पाठवल्या. दिवाळीनंतर चौकशी केली तेव्हा कळले की, तो आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. बक्षीस मिळाले असते तर तो शाळेत राहिलाच असता, असे मी म्हणणार नाही. ऊसतोडीला जाण्याची कारणे मोठी असतात, एसटीच्या पासाने ती सुटत नाहीत. पण आपण केलेले काम कोणीतरी मोजले, एवढे तरी बरोबर घेऊन तो गेला असता. ते माझ्यामुळे राहिले. पुढे तो भेटला नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना, गावोगावी स्पर्धा भरवणाऱ्या तरुणांना माझी काही साधी विनंती आहे. स्पर्धेच्या पहिल्या दिवशीच, सगळ्या संघांसमोर, बक्षीस कशाचे आणि ते कोण ठरवणार हे वाचून दाखवा. अंतिम सामन्याचा मानकरी आणि स्पर्धेचा मानकरी ही बक्षिसे वेगळी ठेवा. पैसे एकाच बक्षिसापुरते असतील तर ते स्पर्धेसाठी ठेवा. प्रत्येक सामन्याची वही नीट लिहा, आणि झेल, धावचीत, यष्टिरक्षण यांचीही नोंद करा, कारण ही कामे टाळ्यांना दिसत नाहीत. निवड एका पाहुण्यावर सोपवू नका. ज्यांनी सगळे सामने पाहिले अशा तिघांनी आपापली तीन नावे क्रमाने कागदावर लिहावीत, आणि तीही अंतिम सामन्याआधी. मग गुण मोजावेत. क्रिकेट असो, कबड्डी असो की खो-खो, रीत हीच चालेल. आणि नाव जाहीर करताना कारणही सांगा. कारण सांगितले की ज्याला बक्षीस मिळाले नाही, त्यालाही आपण कुठे कमी पडलो ते कळते.

आमच्या भागातल्या त्या स्पर्धेत पुढच्या वर्षापासून आम्ही हीच रीत घातली. पाहुण्याने फक्त बक्षीस हातात द्यायचे. वाद अजूनही होतात. मागे एकदा दोन मुलांचे गुण अगदी सारखे आले, तेव्हा शाळेच्या ओट्यावर तासभर चर्चा चालली. पण या वेळी सगळ्यांच्या मध्ये वही उघडी होती आणि मुले स्वतः आकडे वाचून एकमेकांना समजावत होती. गणिताच्या तासाला न दिसणारा उत्साह त्यांच्या तोंडावर होता.

स्टेशनाजवळच्या त्या हॉटेलात मी गुरुजींना आणि पाहुण्यांना शेवटी काय उत्तर दिले, हे सांगायचे राहिले. मी म्हणालो, करंडक विदर्भाचा, कौतुक केरळचेही, आणि माझे मत हर्ष दुबेला. त्यावर गुरुजी म्हणाले, "सर, माझं मत राठोडलाच." मी म्हटले, "कारण सांगा." त्यांनी उपांत्य सामन्यातल्या त्या १५१ धावा सांगितल्या. कारण चांगले होते. पाहुण्यांनी सगळ्यांचा चहा पुन्हा मागवला.